स्कायरिम: स्नीकचा डोळा मिटलेला असताना धरतात, उघडा असताना सोडतात. नक्की नियम काय?

गंगावेस_१०

भावांनो, स्कायरिम गेममधल्या स्नीकनं, म्हणजे लपूनछपून वावरायच्या कौशल्यानं, डोकं उठवलंय. वाकून चाललं की स्क्रीनवर एक डोळा येतो, मिटलेला म्हणजे आपण लपलेलो, उघडा म्हणजे दिसलो. स्पेशल एडिशन, पीसीवर. स्नीक ४५. पर्कमध्ये (कौशल्य वाढलं की निवडायच्या खास क्षमता) 'स्टेल्थ'चे दोन टप्पे, 'मफल्ड मूव्हमेंट' आणि 'बॅकस्टॅब' घेतलेत. पायात स्टीलचे बूट, हातात धनुष्य, जवळच्या कामाला खंजीर. सोबत लिडिया, गेममधली साथीदार.

तक्रार अशी की एकच गोष्ट दोनदा केली तर निकाल दोन. ब्लीक फॉल्स बॅरो या जुन्या थडग्यात शिरल्या शिरल्या शेकोटीजवळ दोन दरोडेखोर असतात. खांबाआड मिट्ट काळोखात, जराही न हलता बसलं तरी डोळा हळूहळू उघडतो. उलट पुढं एका ठिकाणी गड्याच्या नाकासमोरून सरपटत जावं तर त्याला पत्ता नाही. भिंतीपलीकडं किंवा वरच्या मजल्यावर कुणी असलं तरी डोळा फडफडायला लागतो. डोक्यात बाण घुसलेला माणूस थोडा वेळ शोधाशोध करतो आणि परत येऊन शेकत बसतो. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे 'हिडन' (लपलेला) असं लिहून आलेलं असताना खिशात हात घातला की धरतात.

हे बग आहेत, मॉडची (लोकांनी बनवून गेमला जोडलेल्या बदलांची) आपापसातली भांडणं आहेत, की गेम मनाला येईल तसं ठरवते? "परत इन्स्टॉल कर" हे उत्तर नको.

पन्हाळा_पायवाट

मनाला येईल तसं नाही ठरवत. तिथं तीन हिशेब वेगवेगळे चालतात आणि स्क्रीनवर त्यांचा एकत्र निकाल एकाच डोळ्यात दाखवतात. सगळा घोळ त्या डोळ्याचा आहे. तू नजरेपासून लपतोस आणि पकडला जातोस आवाजामुळं, पण डोळा दोन्ही वेळी सारखाच उघडतो.

आधी नजर. शत्रूच्या डोळ्यापासून तुझ्या अंगापर्यंत गेम एक सरळ रेघ ओढते. आपल्याकडं अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला मावळतीचं किरण महाद्वारातून आत येतं, वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं की बाहेर कितीही लख्ख ऊन असो, मूर्तीपर्यंत पोहोचत नाही. हे तसंच. रेघ अडली तर नजरेचा हिशेब तिथंच संपला. पण रेघ अडायला ठोस वस्तू लागते. गवत आणि झुडपांचा पाला ठोस नाही, तो नुसता दिसायला आहे. तुला स्क्रीनवर हिरवं रान दिसतं, शत्रूला तू उघड्यावर बसलेला दिसतोस. हेल्गेन ते रिव्हरवूडच्या रस्त्यावर झुडपात बसून लांडगे चुकवायला जाणारे सगळे इथंच फसतात.

रेघ अडली नाही तर मग उजेड, अंतर आणि नजरेचा पंखा. हा पंखा मूळ सेटिंगमध्ये १९० अंशांचा आहे. म्हणजे समोरचं अर्धं जग तर आलंच, वर दोन्ही बाजूंना थोडं मागंही. आपण धरून चालतो की गडी समोर बघतोय म्हणजे बगलेतून जाता येईल. नाही जाता येत. बगल म्हणजे त्याच्या हिशेबानं समोरच. सरळ पाठीमागून जायचं, तिरकं नाही.

आता आवाज. याला भिंत पूर्ण अडवत नाही. मधे भिंत असली तर आवाज कमी धरतात, पण शून्य धरत नाहीत. शिवाय अंतर सरळ रेषेत मोजलं जातं, जिन्यानं वळसा घालून किती पावलं होतील ते नाही. त्यामुळं वरच्या मजल्यावरचा माणूस तुझ्या डोक्यावर ८ फुटांवर असेल तर गेमच्या लेखी तो ८ फुटांवरच आहे. तुझा भिंतीपलीकडचा डोळा फडफडतो तो यामुळं.

आवाज किती होतो हे तू हलतोयस का, कुठल्या वेगानं हलतोयस आणि पायात काय आहे यावर ठरतं. बुटांचं वजन हिशेबात येतं, आणि स्टीलचे बूट ही स्नीकवाल्यानं घालायची वस्तूच नाही. 'मफल्ड मूव्हमेंट' चिलखताचा आवाज निम्मा करतो, बंद नाही करत. चामड्याचे बूट घाल, किंवा अवघड जागी सरळ अनवाणी जा. आणि वाकून चालण्याचेही दोन वेग आहेत. कॅप्स लॉक दाबून चालणं आणि पळणं बदलतं. बरेच जण वाकून 'पळत' असतात आणि त्यांना वाटतं आपण दबकत चाललोय. कंट्रोलरवर असशील तर काठी अर्धीच ढकल.

तिसरा हिशेब समोरच्याच्या अवस्थेचा. निवांत बसलेला, संशय आलेला, लढाईत असलेला, झोपलेला, प्रत्येकाला वेगळा गुणक लागतो. वर प्रत्येक शत्रूचं स्वतःचं स्नीक कौशल्य तुझ्या विरोधात मोजलं जातं. हे फार कमी लोकांना माहीत असतं. साधा दरोडेखोर आणि त्यांचा म्होरक्या एकाच जागी उभे केले तरी म्होरक्या तुला आधी हेरणार. दिसायला दोघं सारखेच, म्हणून 'एकाच गोष्टीचे दोन निकाल' वाटतात.

नाकासमोरून जाऊ दिलं त्याचंही कारण हेच. काळोख, हळू चाल आणि तुझं कौशल्य यांची वजाबाकी झाल्यावर आकडा उंबरठ्याच्या खाली राहिला, बस्स. 'हाताच्या अंतरावर आला की दिसलाच पाहिजे' असा खडखडीत नियम तिथं नाही. असायला हवा होता, असं माझं मत.

आणि एक. डोळा आजूबाजूच्या सगळ्यांतल्या सर्वांत सावध माणसाचा निकाल दाखवतो. कोण ते सांगत नाही, आणि तो शत्रूच असेल असंही नाही. गावात साधा दुकानदार बघत असला तरी डोळा उघडाच राहणार.

तांबडा_पांढरा

एवढं पुराण कशाला. गेमच तशी आहे. २०११ ची गेम, स्टेल्थ वरून चिकटवलेलं. ज्याला खरं स्टेल्थ खेळायचंय त्यानं १९९८ चा 'थीफ' काढावा. स्क्रीनवर खाली एक रत्न असतं, उजेडात आलास की उजळतं, अंधारात विझतं. लाद्यांवर आणि लोखंडी जाळीवर पाय वाजतो, गालिचावर आणि गवतावर नाही. कसला पर्क नाही, कसली लेव्हल नाही. ज्या दिवशी फरशीवर पळालास त्या दिवशी मेलास. विषय संपला.

दिवे_बंद_करा

तांबड्या, प्रश्न स्कायरिमचा विचारलाय भावा, दुसरी गेम घे हे उत्तर नव्हे. पण रत्नाचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर नंतर येतो.

गंगावेस, एक सांग. ईएनबी, म्हणजे चित्राचे रंग आणि उजेड बदलणारं मॉड, लावलंय का? 'मिट्ट काळोख' म्हणालास. मूळ ब्लीक फॉल्स बॅरोत, त्या शेकोटीच्या दालनात मिट्ट काळोख कुठंच नाही.

गंगावेस_१०

हो, ईएनबी आहे, बऱ्यापैकी गडद प्रीसेट (तयार सेटिंग). त्याचा काय संबंध? आणि पन्हाळा, बुटांचं बघतो. लिडियाबद्दल काहीच बोलला नाहीस.

दिवे_बंद_करा

तोच तर संबंध आहे. ईएनबी तयार झालेल्या चित्रावर रंग चढवतं. गेमच्या आत, त्या खांबामागं उजेड किती, हा आकडा त्यानं एका दाण्यानं बदलत नाही. तुझ्या डोळ्याला काळोख, गेमच्या वहीत संधिप्रकाश. दरोडेखोर वही बघतो.

यात आणखी एक पाचर आहे, आणि ती ईएनबी नसतानाही मारते. या इंजिनमध्ये एका वेळी फक्त ४ दिवे खरी सावली टाकू शकतात. बाकीचे दिवे सावली न टाकता नुसता उजेड पसरवतात, आणि तो उजेड भिंतीतून, खांबातून आरपार जातो. म्हणजे तू खांबाच्या मागं बसलास, शेकोटी पुढं, तुला वाटतं आपण सावलीत आहोत. पण ती शेकोटी सावली टाकणाऱ्यांत नसेल तर तिचा उजेड तुझ्या अंगावर पडतोय असाच हिशेब होतो. त्यामुळं नियम सोपा ठेव: सावली शोधू नको, दिव्यापासून अंतर शोध. शेकोटी, मशाल, मेणबत्तीच्या झाडापासून जितका लांब तितका अंधारात. खांबाचा उपयोग नजरेची रेघ तोडायला, अंधारासाठी नाही.

मॉड निवडताना हा फरक बघ. एन्हान्स्ड लाइट्स अँड एफएक्स सारखे मॉड दालनांतले प्रत्यक्ष दिवेच बदलतात, काढतात, हलवतात. त्यानं आतला आकडाही बदलतो. ईएनबी आणि रीशेड नुसतं चित्र बदलतात. दोन्ही लावलीस तर दिसणं आणि हिशेब यांतलं अंतर कमी होतं, पण प्रीसेट जितका गडद तितकं ते परत वाढतं. स्टेल्थ खेळताना ईएनबी बंद करून एकदा बघ, शिफ्ट आणि एंटर दाबून त्याचं पॅनल उघडतं, तिथंच टिक काढता येते.

मशाल आणि 'कॅंडललाइट' मंत्र वापरत असशील तर सांगायलाच नको. 'मेजलाइट' मंत्राचा उजेडाचा गोळा भिंतीवर मारून स्वतः लांब राहिलास तर चालतं, फक्त तो गोळा नेमका तुझ्या वाटेवर मारू नको.

लिडिया: दाराबाहेर 'वेट' सांगून ठेव. तिच्या अंगावर स्टील, आणि ती तुझ्यासोबत वाकली तरी शत्रू तिला बघून उठतो. मग तो सावध झाला की तुझ्याबाबतही त्याचा गुणक बदलतो. तुझा निवांत बसून उघडणारा डोळा निम्म्या वेळा तिच्यामुळं असेल, कारण तू हलत नव्हतास पण ती मागं जागा शोधत फिरत होती.

पन्हाळा_पायवाट

लिडियाचं राहून गेलं खरं, दिवेनं सांगितलं ते बरोबर. आता अंदाज लावत बसण्यापेक्षा एकेक गोष्ट वेगळी करून बघ. बॅरोचं तेच दालन चांगलं आहे, शत्रू दोनच आणि जागा मोठी.

दाराबाहेर असतानाच पक्का सेव्ह घे, क्विकसेव्ह नको. दालनात डोळा अर्धा उघडलेला असताना घेतलेला सेव्ह त्या गड्यांची सावध अवस्थाही सोबत घेऊन येतो. मग तो कितीदाही लोड कर, सुरुवातच वाकडी. 'रीलोड केल्यावर वेगळं होतं' ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

लिडिया बाहेर. आत शिरून शेकोटीपासून लांब भिंतीला वाकून थांब, हालचाल शून्य. डोळा मिटलेला राहिला तर नजर आणि उजेड ठीक. मग तिथल्या तिथं बूट घालून चाल, परत लोड करून बूट काढून चाल. फरक दिसला तर आवाज. मग तेवढ्याच अंतरावर शेकोटीकडं सरक, पण पावलागणिक थांबत. इथं उघडला तर उजेड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की काहीच कळत नाही.

पंख्याचं तपासायचं असेल तर कन्सोल (कमांड लिहायची खिडकी) उघड, एस्केपच्या खालची की. आधी 'गेटजीएस एफडिटेक्शनव्ह्यूकोन' लिहून मूळ आकडा बघ, तुझ्या एखाद्या मॉडनं तो आधीच बदललेला असू शकतो. मग 'सेटजीएस एफडिटेक्शनव्ह्यूकोन १४०'. सगळं अर्थात रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाईप करायचं, शब्दांमध्ये एकेक जागा. हा बदल गेम बंद करेपर्यंतच टिकतो, त्यामुळं प्रयोगाला धोका नाही. १४० वर बगलेतून जाणं जमायला लागतं आणि तरी गेम पोरखेळ होत नाही. १०० च्या खाली गेलास तर सगळे घोड्यासारखी झापडं लावून फिरतात, मजा जाते.

आवडलं तर कायमचं करायला क्रिएशन किट (मॉड बनवायचं साधन) लागेल, स्टीमवर फुकट आहे. त्यात 'गेमप्ले' मेनूखाली 'सेटिंग्ज' उघड, नाव शोध, आकडा बदल, नवीन प्लगिन म्हणून सेव्ह कर आणि लोड ऑर्डरमध्ये शेवटी ठेव. एक लक्षात ठेव: स्पेशल एडिशनमध्ये प्लगिन चालू केलं की अचीव्हमेंट बंद होतात, कन्सोल वापरल्यानं होत नाहीत. तुझ्याकडं आधीच मॉड असतील तर तो प्रश्न नाही.

आणखी एक कमांड, 'टीडिटेक्ट'. यानं सगळ्यांचं ओळखणंच बंद होतं. हे बंद असताना सुद्धा कुणी अंगावर आला तर समजायचं की तिथं स्टेल्थचा संबंधच नाही, ते स्क्रिप्टनं उठलेलं आहे. बॅरोच्या शेवटी शब्दांच्या भिंतीजवळ शवपेटी फोडून ड्रॉगर (उठलेलं प्रेत) बाहेर येतो तो असाच, तू किती दबकत गेलास याला काही अर्थ नाही. तपासून झालं की तीच कमांड परत देऊन चालू कर, नाहीतर पुढचे तीन किल्ले नाचत जाशील आणि इथं येऊन 'आता कुणालाच दिसत नाही' म्हणून धागा काढशील.

तांबडा_पांढरा

बघा, एक डोळा समजायला कन्सोल, क्रिएशन किट आणि प्रयोगशाळा. २००५ च्या 'स्प्लिंटर सेल: केऑस थिअरी' मध्ये एक पट्टी उजेडाची, एक आवाजाची. आवाजाच्या पट्टीवर आजूबाजूचा गोंगाट किती याची खूण वेगळी. पाऊस, यंत्र चालू, तर खूण वर. त्या खुणेच्या खाली राहिलास तर वाटेल तसा चाल. खेळणाऱ्याला दोन सेकंदांत कळतं आपण कशामुळं मेलो. हेच तर मी म्हणत होतो.

दिवे_बंद_करा

ह्यात तुझ्याशी भांडण नाही. स्कायरिमचा दोष नियम बदलत राहतात हा नाही, नियम दाखवत नाहीत हा आहे. गेम बनवणाऱ्या बेथेस्डानं आतमध्ये उजेड, आवाज, अवस्था सगळं वेगळं मोजलंय आणि बाहेर एकच खिडकी ठेवलीय.

पण दाखवणं म्हणजे पट्ट्याच पाहिजेत असं नाही. २०१२ च्या 'डिसऑनर्ड' वरही हीच बोंब झाली. थीफ खेळलेले लोक गार्डच्या पुढ्यात अंधारात उभे राहायचे आणि पकडले जायचे. तिथं अंधार लांबून उपयोगी, जवळ आलास की नजरेची रेघ तुटलेलीच पाहिजे. नियम पक्का, निकाल दर वेळी तोच, पण आधी नीट सांगितला नाही म्हणून लोकांना लहरी वाटला. उलट तिथं कोपऱ्यातून डोकं काढून डोकावलं तरी गार्डला दिसत नाही, अंग आड असलं की झालं. वास्तवात मूर्खपणा, खेळायला उत्तम. 'हिटमॅन' मध्ये वेषांतर ओळखू शकणाऱ्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका. एवढ्या एका ठिपक्यानं 'हा का ओळखतो, तो का नाही' हा प्रश्नच मिटला.

बाण घुसलेल्या माणसाचं: तो विसरणं हा बग नाही, ठरवून ठेवलेलं आहे. शोधायची मुदत संपली की अवस्था परत निवांतवर येते, आणि 'मघाशी मला बाण लागला' हे साठवायला जागाच नाही. हे असं ठेवलं नाही तर एक बाण चुकला की अख्खी गुहा कायमची जागी, आणि धनुष्यवाल्याला खेळणंच अवघड. पण निदान पाठ भिंतीला लावून बसवायचं तरी! परत शेकोटीला हात शेकायला जातो ते बघवत नाही.

त्याचा फायदा मात्र घे. चुकलेला बाण जिथं आपटतो तिथला आवाज शत्रू ऐकतो आणि तिकडं बघायला जातो. मुद्दाम लांबच्या भिंतीवर मारून गडी जागेवरून उठवायचा, पाठ फिरली की खंजीर. गुहांमध्ये वरून लोंबणाऱ्या हाडांच्या माळा असतात, त्यांना धक्का लागला की खुळखुळतात आणि सगळे उठतात. 'लाइट फूट' पर्क जमिनीतल्या दाबपट्ट्यांसाठी आहे, या माळांपासून स्वतःच जपायचं.

गंगावेस_१०

करून बघितलं. ईएनबी बंद केल्यावर ते दालन चांगलंच उजळ निघालं, खांबामागंसुद्धा. बूट काढून चाललं की डोळा शेकोटीच्या बराच जवळ जाईपर्यंत मिटलेला राहतो, स्टीलचे घातले की दारातच अर्धा उघडतो. लिडिया बाहेर ठेवल्यावर न हलता बसलं तर उघडतच नाही. 'गेटजीएस' नं १९० च दाखवलं, १४० केलं, बगलेतून जाता येतंय.

राहिलं खिशाचं. पाठीमागून, 'हिडन' असताना, समोरचा उभा. तरी धरतो.

पन्हाळा_पायवाट

तो चौथाच हिशेब आहे, स्नीकचा नव्हे. खिसा म्हणजे पिकपॉकेट कौशल्य आणि तिथं चक्क फासा पडतो. यादीत वस्तूवर गेलास की टक्के दिसतात, तेवढीच शक्यता. ती काही केलं तरी ९० च्या वर जात नाही. म्हणजे कौशल्य शंभर असलं तरी दहातून एकदा हात अडकणारच, डोळा मिटलेला असो वा नसो.

प्रत्येक वस्तूला फासा नवा. पाच वस्तू काढल्यास तर पाच वेळा नशीब आजमावलंस. जड आणि महागड्या वस्तूला टक्के कमी, सोन्याची रक्कम मोठी असली तरी कमी. त्यामुळं ज्या कामासाठी गेलास ती वस्तू आधी उचल आणि बाहेर पड, 'आलोच आहे तर हेही' करू नको. पर्कमध्ये 'नाइट थीफ' लवकर घे, झोपलेल्या माणसावर २५ टक्के जास्त मिळतात, आणि झोपलेल्याची नजर तशीही नसते. नाण्यांसाठी 'कटपर्स' वेगळा. खिशात हात घालायच्या आधी सेव्ह, आत असताना नाही.

दिवे_बंद_करा

स्नीक ५० झालं की 'असॅसिन्स ब्लेड' घे, खंजिराचा चोरवार १५ पट होतो. आत्ता 'बॅकस्टॅब' नं ६ पट मिळतोय. डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या टोळीचे हातमोजे चढवलेस तर त्याच्या दुप्पट. आणि ७० ला 'सायलेन्स', मग चालणं-पळणं हिशेबातूनच जातं आणि स्टीलचे बूट घातलेस तरी कुणी विचारणार नाही. तोवर इल्यूजन जादूचा 'मफल' मंत्र ठेव, १८० सेकंद चालतो, दालनात शिरायच्या आधी बाहेरच मारायचा.